कोनांची बेरीज आणि दुपारची सावली
(द्वितीय वर्ष कला)

गणिताचे नाव काढले की कला शाखेच्या विद्यार्थ्याच्या कपाळाला आठ्या पडतात. दहावीबरोबर भूमिती सुटली, असे म्हणून आपण समाधान मानतो. परंतु भूमिती आपल्याला सोडत नाही. ती रोज दुपारी अंगणात येऊन उभी राहते. तिच्यातील एका अगदी साध्या नियमाचा येथे विचार करावयाचा आहे. तो नियम म्हणजे लहान कोनांची बेरीज करून मोठ्या कोनाचे माप काढणे.

एखाद्या कोनाच्या आत, त्याच्या शिरोबिंदूपासून एक किरण काढला की त्याचे दोन लहान कोन होतात. या दोन कोनांच्या मापांची बेरीज म्हणजेच मोठ्या कोनाचे माप. कंपासपेटीतील दोन गुण्ये शेजारी ठेवून ४५ आणि ३० अंश मिळून ७५ अंशांचा कोन आपण शाळेत काढलेलाच आहे. मात्र या बेरजेला एक अट आहे. दोन्ही कोनांचा शिरोबिंदू एक हवा, एक भुजा सामाईक हवी आणि दोन्ही कोन त्या भुजेच्या दोन बाजूंना हवेत. दोन भावांच्या वाटण्या मिळून बापाचे मूळ शेत होते; पण एकच पट्टी दोघांच्या नावे लागली, किंवा मधली पट्टी कोणाच्याच नावे लागली नाही, तर हिशेब जुळत नाही. कोनांचेही तसेच आहे.

आता हा नियम आपल्या नंदुरबारला लावून पाहू. नंदुरबारचे अक्षांश सुमारे २१ अंश २२ मिनिटे उत्तर. याचा अर्थ असा की, २१ मार्च व २३ सप्टेंबरच्या सुमारास, म्हणजे विषुवदिनी, भर दुपारी सूर्य आपल्या माथ्यापासून तेवढाच दक्षिणेकडे कललेला असतो. पुढे २२ डिसेंबरच्या सुमारास तो त्या जागेपासून आणखी २३ अंश २६ मिनिटे दक्षिणेला गेलेला असतो. विषुवदिनाच्या सूर्याकडे जाणारी रेषा ही येथे सामाईक भुजा. एक कोन तिच्या उत्तरेस, दुसरा दक्षिणेस. अट पुरी झाली, म्हणून बेरीज करावयाची : ४४ अंश ४८ मिनिटे. हा जवळजवळ ४५ अंशांचा कोन झाला. आणि ४५ अंशांच्या कोनात काठीची उंची व सावलीची लांबी सारखी असते!

जून महिन्यात मात्र हीच बेरीज चालत नाही. २१ जूनच्या सुमारास सूर्य विषुवदिनाच्या जागेपासून २३ अंश २६ मिनिटे उत्तरेला सरकतो, म्हणजे दोन्ही कोन एकाच बाजूला येऊन एकमेकांवर पडतात. तेव्हा वजाबाकी करावी लागते. उरतात २ अंश ४ मिनिटे, तेही माथ्याच्या उत्तरेला. म्हणून त्या दिवसांत दुपारची इवलीशी सावली दक्षिणेकडे पडते.

येथे एक शंका येईल. कोनांऐवजी सावल्याच मिळवल्या तर? करून पाहू. १०० सेंटीमीटर उंचीच्या काठीची सावली २१ अंश २२ मिनिटांच्या कोनाला सुमारे ३९ सेंटीमीटर पडते, आणि २३ अंश २६ मिनिटांच्या कोनाला सुमारे ४३. बेरीज ८२. पण डिसेंबरातली खरी सावली ९९ सेंटीमीटरांहून थोडी अधिक भरते. म्हणजे कोन मिळवता येतात, सावल्या मिळवता येत नाहीत. ज्यांना 'जीवा' किंवा 'ज्या' म्हणतात त्यांचेही हेच. ३० अंशांची ज्या अर्धी. पण दोन अर्धे मिळून ६० अंशांची ज्या एक होत नाही, ती सुमारे ०.८६६ एवढीच असते.

मग दोन कोनांच्या ज्या ठाऊक असतील, तर त्यांच्या बेरजेच्या कोनाची ज्या कशी काढावी? भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये रचलेल्या 'सिद्धांतशिरोमणी' ग्रंथातील 'ज्योत्पत्ति' या भागात ही रीत सांगितली आहे. लहान कोनांपासून मोठ्या कोनांकडे पायरीपायरीने जाण्याची ती वाट आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केल्याचा इ. स. १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. हे पाटण आपल्याच खानदेशातले. कोनांची बेरीज ही कुठून तरी लांबून आलेली विद्या नव्हे. आठशे वर्षांपूर्वी ती येथे शिकवली जावी म्हणून कोणीतरी दगडावर अक्षरे कोरून ठेवली.

माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेले माणूस मीच पहिले. पुस्तकातील ज्ञान खरे की खोटे, हे आमच्या घरी विचारायचे कोणाला? म्हणून जे ज्ञान स्वतः पडताळून पाहता येते, त्याचे मोल मला अधिक वाटते. या पडताळणीला दुर्बीण लागत नाही की प्रयोगशाळा लागत नाही. एक सरळ काठी, ती उभी राहिली की नाही हे पाहायला गवंड्याचा ओळंबा, आणि मोजपट्टी. २२ डिसेंबरला साडेबाराच्या सुमारास सावली सर्वांत आखूड होते. तेव्हा ती मोजावी. सूर्य बिंदू नसून थाळी असल्याने सावलीचे टोक पुसट असते, तेव्हा एकदोन सेंटीमीटरांचा फरक धरून चालावे.

आपल्या जिल्ह्याचे भाग्य असे की, ४५ अंशांची रेषा त्यातूनच जाते. अक्षांश २१ अंश ३४ मिनिटे असेल तेथे बेरीज बरोबर ४५ येते, आणि हे ठिकाण तळोद्याच्या आसपास आहे. नवापूरच्या मित्राची सावली काठीहून किंचित आखूड, तळोद्याच्या मित्राची काठीएवढी, तर सातपुड्यातील धडगावच्या मित्राची किंचित लांब पडेल. आपल्या वर्गात या तिन्ही बाजूंचे विद्यार्थी आहेत. नाताळच्या सुट्टीला चार दिवस असताना प्रत्येकाने आपापल्या गावी काठी रोवावी आणि माप लिहून आणावे. कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी केलेले ते या जिल्ह्याचे मोजमाप ठरेल.