मुळातले तीन पाहुणे

जळगाव-धुळ्याकडचा दंतवैद्य किडलेल्या दाताचे रूट कॅनाल करतो, तेव्हा फाइल नावाची बारीक सुई फिरवून त्याचे काम संपत नाही. मुळातील पोकळी अरुंद, वाकडीतिकडी. तिच्या फाट्यांत सुई पोचत नाही, पण द्रावण पोचते. म्हणून पिचकारीने ती पुन्हा पुन्हा धुतात.

पहिले द्रावण सोडियम हायपोक्लोराइटचे. विहिरीत टाकतात त्या ब्लीचिंग पावडरचे हे भावंडच! पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, हेन्री डेकिन यांनी त्याचे अर्धा टक्का द्रावण जखमा धुण्यासाठी सुचवले. दातासाठी सव्वापाच टक्क्यांपर्यंतचे वापरतात. ते जंतू मारते, मेलेली नसही विरघळवते. मात्र घासलेल्या भिंतीवरचा कॅल्शियमयुक्त चुरा त्याला हलत नाही. त्यासाठी १७ टक्के ई.डी.टी.ए. लागते. शेवटी कधी कधी २ टक्के क्लोरहेक्झिडिन वापरतात.

तिन्ही गुणी, मग एकत्रच का भरू नयेत?

खानदेशात बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी दुष्फेन असते. त्यात साबण घातला की फेसाऐवजी पांढरा साका येतो. पाण्यातील धनभारित कॅल्शियम आणि साबणाचा ऋणभारित भाग मिळून न विरघळणारा क्षार बनतो. क्लोरहेक्झिडिन धनभारित, ई.डी.टी.ए. ऋणभारित, त्यांचाही असाच पांढरा साका होतो.

हायपोक्लोराइट व क्लोरहेक्झिडिन यांची भेट अधिक वाईट. हायपोक्लोराइट तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे क्लोरहेक्झिडिनचा धनभार जातो आणि ते पाण्यात विरघळलेले राहत नाही. शिवाय क्लोरीन त्याच्यावर हल्ला करतो. नारिंगी-तपकिरी साका बसतो, दाताला डाग पडतो, भिंतीतील सूक्ष्म नलिकांची तोंडे बुजतात. या साक्यात पॅराक्लोरोअॅनिलिन हे घातक द्रव्य काही संशोधकांना आढळले, काहींना आढळले नाही.

तिसरी जोडी मला सर्वांत फसवी वाटते. हायपोक्लोराइटमध्ये ई.डी.टी.ए. मिसळले तर साका नाही, रंग नाही. थोडे बुडबुडे येतात, एवढेच. पण काही मिनिटांतच क्रियाशील क्लोरीन जवळजवळ संपतो. ई.डी.टी.ए. कॅल्शियम पकडतच राहते. हायपोक्लोराइटची नस विरघळवण्याची शक्ती मात्र गेलेली असते, आणि डोळ्यांना काहीच कळत नाही.

म्हणून दोन द्रावणांच्या मध्ये शुद्ध पाण्याने किंवा सलाइनने पोकळी धुतात, टोकदार कागदी काड्यांनी टिपून घेतात आणि मगच पुढची पिचकारी उचलतात.