'निवविणे' : एका विरळ क्रियापदाचा वाक्यातील उपयोग

रागावलेल्या माणसाला शांत करण्यासाठी मराठीत क्रियापदांची वाण नाही. मनधरणी करणे, समजूत घालणे, चुचकारणे, विनवणे ही नित्याचीच. 'निवविणे' मात्र बोलण्यातून जवळजवळ गेले आहे. त्याचे अकर्मक रूप स्वयंपाकघरात टिकून आहे ('दूध निवू दे, मग विरजण लाव'). प्रयोजक रूप संतवाङ्मयाच्या अभ्यासापुरते उरले.

हे क्रियापद वाक्यात योजावयास सांगितले, की विद्यार्थी 'आईने रडणाऱ्या बाळाला निवविले' असे लिहितो. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. पण त्यात कोशातील 'शांत करणे' या अर्थावर नवा शब्द डकविलेला आहे, इतकेच. ज्ञानेश्वरी (इ. स. १२९०) वाचताना हीच सवय आड येते.

या शब्दाचे नाते संस्कृत 'निर्वा' म्हणजे विझणे, थंडावणे याच्याशी आहे. 'निर्वाण' त्याच कुळातले. म्हणजे आधी कोणी तापलेले असले पाहिजे. 'सकाळपासून तापलेल्या मामंजींना सूनबाईंनी दोन शब्दांत निवविले' हे वाक्य या कसोटीस उतरते.

याहून महत्त्वाचा मुद्दा फलिताचा. 'त्याची पुष्कळ मनधरणी केली, पण तो बधला नाही' हे बिनतक्रार चालते. 'त्याला निवविले, पण तो निवला नाही' हे कानाला खटकते. मनधरणी प्रयत्न सांगते, निवविणे फलित सांगते. ('समजूत घालणे' आणि 'समजूत काढणे' यांतही काहीसा असाच भेद आहे, पण तो धूसर.) म्हणूनच १९३८ च्या म्युनिक करारामागील चेंबरलेन यांच्या धोरणाला 'अनुनय' म्हणणे युक्त ठरते. त्यांनी हिटलरला 'निवविले' म्हटले, तर चूक भाषेची न राहता इतिहासाची होते. मार्च १९३९ मध्ये जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या होत्या. वृत्तपत्रांचे आवडते 'लांगूलचालन' तर करणाऱ्याचीच निंदा करते. निवविणाऱ्याकडे असा कमीपणा येत नाही.

'तणाव निवळला' यातील क्रियापद मात्र वेगळे. निवळते ते गढूळ पाणी, आणि गाळ तळाशी राहतोच. दोन भावांतला वाद निवळला असेल. थोरला निवला आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही.