मोठ्या खोलीचा हिशेब

तलवाड्यात तारांकित हॉटेल नाही. त्वरिता देवीच्या दर्शनाला आलेला पाहुणा नातेवाइकांकडे उतरतो, नाहीतर गेवराईच्या लॉजवर. पण गावची पोरं आता पुण्या-मुंबईत नोकरीला आहेत. कंपनीच्या कामाने त्यांचं मोठ्या हॉटेलांत उतरणं होतं, आणि मग मोबाइलवर ‘गोल्ड मेंबर व्हा, वरच्या दर्जाची खोली मिळवा’ असं आमिष येतं. हे सोनं कितीला पडतं?

मॅरियट हॉटेलांच्या ‘बॉनव्हॉय’ सदस्य योजनेचंच घ्या. नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. वर्षात 10 रात्री झाल्या की सिल्व्हर, 25 ला गोल्ड, 50 ला प्लॅटिनम. सिल्व्हरवाल्याला वरची खोली मिळत नाही, हे जाहिरातीत कुणी ठळक सांगत नाही. गोल्डला मिळते, पण त्या दिवशी रिकामी असली तरच. स्वीटचा विचार प्लॅटिनमपासून पुढे.

खोलीचं भाडं 6,000 रुपये धरू. 5 टक्के जीएसटी धरून रात्र पडली 6,300 ला, म्हणजे गोल्डपर्यंत 1,57,500 रुपये. कंपनी बिल भरत असेल तर खुशाल घ्या. फक्त बुकिंगला स्वतःचा सदस्य क्रमांक द्या आणि खोली हॉटेलच्या साइटवरूनच घ्या. मेकमायट्रिपसारख्या ठिकाणाहून घेतलेल्या रात्री सहसा मोजल्या जात नाहीत. स्वतःच्या खिशातून मात्र दर्जासाठी रात्री वाढवणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी.

एक आडवाट आहे. एचडीएफसी बँकेचं मॅरियट बॉनव्हॉय कार्ड 2023 मध्ये आलं, तेव्हा वार्षिक शुल्क 3,000 अधिक जीएसटी, म्हणजे 3,540 रुपये होतं. त्यावर 10 रात्री खात्यात जमा होतात आणि 15,000 बॉनव्हॉय पॉइंटपर्यंत किंमत असलेल्या खोलीत एक रात्र फुकट मिळते. गोल्डला मग 15 रात्री उरतात. ती फुकटची रात्र खरंच वापरणार असाल तर कार्ड परवडतं. आजचं शुल्क आणि अटी तेवढ्या आधी तपासून घ्या.

वर्षात चार-दोनदाच हॉटेलात उतरणाऱ्याने दर्जाच्या भानगडीत पडू नये. काउंटरवर सरळ विचारावं, “मोठी खोली रिकामी आहे का? किती जादा लागतील?” लग्नाच्या तिथीला किंवा सलग सुट्ट्यांत विचारण्यात अर्थ नाही. कामानिमित्त येणाऱ्यांवर चालणाऱ्या हॉटेलात रविवारी रात्री मात्र घासाघीस जमते.

पण इथे जीएसटीचा खड्डा आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून रोजचं भाडं 7,500 पर्यंत असेल तर 5 टक्के, त्याच्या वर गेलं की पूर्ण रकमेवर 18 टक्के. 6,000 च्या खोलीवर 1,500 जादा दिले तर बिल 7,875. काउंटरवरच्या माणसाने 1,600 मागितले आणि आपण मान हलवली, की तेच बिल 8,968. शंभर रुपयांपायी 1,093 रुपये गेले. तेव्हा आकडा 7,500 च्या आतच ठेवायला सांगा. हॉटेलवाल्यालाही ही सीमा पाठ असते. फुकट मिळालेल्या मोठ्या खोलीला हा धोका नाही, कारण कर छापील दरावर नाही, तर प्रत्यक्ष घेतलेल्या भाड्यावर लागतो. 2018 पासून तोच नियम आहे. बिलात मूळ दर लावून 18 टक्के धरले असतील तर चावी परत देण्याआधी दुरुस्त करून घ्या.