‘स्वदेस’मधील गाव : भूमी आणि स्मृती

उत्तर-वासाहतिक समीक्षा हिंदी चित्रपटातील राष्ट्रकल्पनेचा विचार पुष्कळ करते. त्या राष्ट्राच्या प्रतिमेला भूमी कोणत्या प्रदेशाने पुरविली, हा प्रश्न मात्र मागे पडतो. ‘गंगाजल’ (२००३) मधील बिहार आणि ‘दबंग’ (२०१०) मधील उत्तर प्रदेश वाई परिसरात चित्रित झाले. आशुतोष गोवारीकर यांच्या ‘स्वदेस’ (२००४) मधील उत्तर प्रदेशातील चरणपूर वाईजवळच्या मेणवलीत उभे राहिले. मेणवलीच्या घाटावर १७३९ च्या वसईविजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा आहे; चरणपूरच्या कथेत तिला स्थान असण्याचे अर्थातच कारण नाही.

हे नामांतर वरवर निरुपद्रवी वाटते. पण चरणपूर ज्या रीतीने जागे होते, ती पाहावी. गीता शाळा चालविते हे खरे. तरी गावाला स्वतःची वीज निर्माण करण्याचे निर्णायक बळ ‘नासा’तील मोहन भार्गवबरोबर अमेरिकेहून येते. याउलट, ज्या जुन्या सातारा जिल्ह्यातून पुढे सांगली जिल्हा वेगळा झाला, तेथे १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकारने न्यायदान मंडळे चालविली, अल्पखर्चाचे विवाह लावले. कुंडलसारखी गावे या कार्याची केंद्रे होती. प्रतिसरकारच्या शिक्षा कठोर होत्या आणि त्यांची चिकित्सा व्हावयास हवी. मात्र तेथे कर्तेपण गावाकडेच होते. चित्रपटाने या भूमीचा घाट आणि जुनी वास्तू घेतली. तिच्या स्वराज्याचा हा अनुभव नाव बदलताना गळून पडला.