मंजुरी अडकली, म्हणून केमो पुढे ढकलायची का?

"टीपीएचं अप्रूव्हल आलेलं नाही, पुढच्या आठवड्यात येऊ का?" हे नातेवाईक बिलिंग काउंटरवर विचारतात (टीपीए म्हणजे विमा कंपनीसाठी दावे हाताळणारी संस्था). तिथल्या मुलाला याचं उत्तर कुठून ठाऊक असणार? तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टना विचारा: किती दिवस थांबलं तर चालेल? प्रोस्टेटच्या संथ वाढणाऱ्या कर्करोगात सवड मिळते. अ‍ॅक्यूट ल्युकेमियात एकेक दिवस मोलाचा. २०२० साली 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्यानुसार, शस्त्रक्रिया चार आठवडे लांबली की मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो. तेव्हा डॉक्टरांनी सवड आहे म्हटलं असेल, तर दोन दिवसांनी हातपाय गाळू नका, पण महिनाही जाऊ देऊ नका.

डॉक्टरांनी सांगितलेली मुदत कारणासह लेटरहेडवर लिहून घ्या आणि बायोप्सी रिपोर्टबरोबर विमा कंपनीला पाठवा.

विमा नियामक 'आयआरडीएआय'च्या मे २०२४च्या परिपत्रकानुसार कॅशलेसचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते. घोडं अडतं ते कंपनीने विचारलेल्या 'क्वेरी'पाशी. पॉलिसी दहा महिन्यांची आणि केसपेपरवर घाईत लिहिलेलं 'वर्षभरापासून गाठ', की आजार पॉलिसीआधीचाच असल्याची शंका झालीच सुरू! म्हणून तपासणीच्या वेळी खरं तेच सांगा, पण अंदाजाने 'वर्षभर' म्हणू नका. नोंद चुकली असेल तर ती लिहिणाऱ्या डॉक्टरांकडूनच दुरुस्त करून घ्या. स्वतः खाडाखोड केलीत तर खरा दावाही संशयात सापडतो. क्वेरी फोनवर ऐकून सोडू नका, ईमेलवर मागवा. उत्तर बहुधा डॉक्टरांच्या दोन ओळींत असतं.

केमोसाठी २४ तास भरती राहावं लागत नाही, ती डे-केअरमध्ये बसते. तोंडी केमो आणि इम्युनोथेरपीवर मात्र पॉलिसीत वेगळी मर्यादा असू शकते. ती पहिल्या सायकलआधीच वाचा.

डॉक्टरांनी दिलेली मुदत संपत आली आणि ऐपत असेल, तर ही सायकल पैसे भरून घ्या आणि मूळ बिलं जपून नंतर दावा करा. कंपनीकडे लेखी तक्रार करून महिन्यात दाद मिळाली नाही, तर तुमच्या भागाच्या विमा लोकपालांकडे जा. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

विमाच नसेल, तर रेशनकार्ड घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा. ही योजना कॅशलेस आहे, त्यामुळे पैसे भरण्याआधीच त्याला भेटा.