गांजावरचा कर वणव्यासाठी राखून ठेवता येतो का?

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. आमच्या काउंटीने एकाच बैठकीत आपत्ती आराखडा मंजूर केला आणि गांजाच्या लागवडीवरचा कर घटवला. तो पैसा वणवा-पुरासाठीच राखून का ठेवत नाहीत?

उत्तर : ठेवता येतो, पण ते मतदारांच्या हाती असते. तिथे 1996 साली मतदारांनी मंजूर केलेल्या ‘प्रपोझिशन 218’ या घटनादुरुस्तीनुसार स्थानिक करांचे दोन प्रकार आहेत. सर्वसाधारण कराला साध्या बहुमताची मंजुरी पुरते आणि पैसा सामायिक तिजोरीत जातो. ठरावीक कामासाठी राखीव कर काउंटीने मांडला, तर दोन तृतीयांश मते लागतात. म्हणून बहुतेक काउंट्या पहिली वाट धरतात. उदाहरणार्थ, हम्बोल्ट काउंटीत 2016 साली मतदारांनी गांजाच्या लागवडीवर प्रति चौरस फूट 1 ते 3 डॉलर कर मान्य केला. पुढे गांजाचे भाव कोसळले, शेतकरी अडचणीत आले आणि काउंटीच्या कारभारी मंडळाने दर उतरवले. मंडळ कर कमी करू शकते. मतदारांनी ठरवलेल्या मर्यादेपलीकडे वाढवू मात्र शकत नाही. अशा बेभरवशाच्या उत्पन्नावर अग्निशमन कर्मचाऱ्यांचे पगार अवलंबून ठेवणे धोक्याचेच.

आराखड्याचे कारण वेगळे. 2000च्या संघीय कायद्यामुळे, दर पाच वर्षांनी अद्ययावत केलेला आराखडा नसेल तर ‘फेमा’ या संघीय आपत्ती-व्यवस्थापन संस्थेचे आपत्ती-निवारण अनुदान मिळत नाही. संकटकाळची तातडीची मदत मात्र आराखड्यावाचून अडत नाही.

तुम्ही अंदाजपत्रकाच्या जाहीर सुनावणीला जा आणि आराखड्यातल्या कोणत्या कामाला किती तरतूद आहे, ते विचारा.