कावेरीचा महसीर आणि मत्स्यशिकाऱ्याची नोंदवही

नदीच्या डोहाकाठी गळ टाकून तासन्‌तास बसलेला माणूस आपल्या परिचयाचा आहे. कोणी पोटासाठी बसतो, तर कोणी केवळ हौसेसाठी. हौसेने मासे धरणाऱ्यांत एक निराळा वर्ग आहे. हे लोक गळाला गांडूळ किंवा पिठाची गोळी न लावता पिसे व रंगीत धागे गुंडाळून केलेली कृत्रिम माशी लावतात. ‘फ्लाय फिशिंग’ या नावाने ही क्रीडा जगभर ओळखली जाते. साध्या गळात आमिषाचे किंवा शिशाच्या गोळीचे वजन दोराला पाण्यात ओढून नेते. पिसांच्या माशीला मात्र वजन असे जवळजवळ नसतेच. म्हणून येथे दोरच जाड व वजनदार असतो. काठी मागे-पुढे झुलवून तो हवेत उलगडावा लागतो आणि माशी पाण्यावर अलगद टेकवावी लागते. पाण्याचा ओघ, खडकांची ठेवण व माशांच्या सवयी यांचे ज्ञान नसेल, तर या प्रकारात यश येत नाही.

या छंदासाठी ब्रिटिशांनी काश्मीर व निलगिरी येथील थंड ओढ्यांत परदेशी ट्राउट मासा आणून सोडला. परंतु भारतीय नद्यांचा खरा मानकरी महसीर हाच होय. मोठे खवले, जाड ओठ आणि खळाळत्या प्रवाहाविरुद्ध झेपावण्याची विलक्षण ताकद ही त्याची वैशिष्ट्ये. लहान व मध्यम आकाराचा महसीर पिसांच्या माशीवर येतो. मोठ्या माशासाठी धातूचा चकाकणारा चमचा किंवा नाचणीच्या पिठाचा गोळा वापरण्याची रीत आहे.

मुळा-मुठेपासून लोणावळ्यापर्यंत

महसीरच्या अभ्यासात महाराष्ट्राचे स्थान मोठे आहे. दख्खनच्या माशांची पाहणी करणारे कर्नल साइक्स यांनी पुण्याच्या मुळा-मुठा नदीतील महसीरचे शास्त्रीय वर्णन 1839 मध्ये प्रसिद्ध केले आणि स्थानिक बोलीतील नावावरून त्याला ‘खुद्री’ हे नाव दिले. निळसर परांचा हा महसीर आपल्या नद्यांतील मूळ रहिवासी आहे. महाड तालुक्यात काळ नदीवरील वाळणकोंड व वाडा तालुक्यात वैतरणेवरील तिळसे येथे लोकांनी महसीरला देवाचा मासा मानून पिढ्यान्‌पिढ्या अभय दिले आहे. अशा डोहांत गळ पडत नाही.

धरणे, वाळूउपसा, सांडपाणी व सुरुंगाच्या दारूने होणारी मासेमारी यांमुळे अन्यत्र हा मासा घटू लागला. तेव्हा लोणावळ्याजवळच्या वळवण तलावावर टाटा वीज कंपन्यांच्या केंद्रात 1970 च्या सुमारास त्याच्या कृत्रिम प्रजननाचे काम सुरू झाले. त्यात डॉ. चं. वि. कुलकर्णी यांच्यासारख्या मत्स्यशास्त्रज्ञांचा पुढाकार होता. फलित अंडी ओल्या कापसात ठेवून दूरवर पाठविण्याची सोपी पद्धतही येथे यशस्वी झाली. येथील मत्स्यबीज देशाच्या अनेक राज्यांत गेले. एका संकटग्रस्त माशाला वाचविण्याचे हे काम निःसंशय मोलाचे होते.

कावेरीची कहाणी

हे बीज जेथे गेले, त्यांत कर्नाटकातील कावेरीही होती. मत्स्यशिकाऱ्यांच्या जगात कावेरीइतका लौकिक दक्षिणेतील दुसऱ्या नदीला क्वचितच लाभला असेल. पाठीवर बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा असलेला, नारिंगी परांचा येथील महसीर अवाढव्य वाढतो. 1946 मध्ये कावेरीची उपनदी कबिनी हिच्यात 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोंचा महसीर गळाला लागल्याची नोंद आहे. पुढे भीमेश्वरी, गालिबोरे यांसारख्या नदीकाठच्या तळांवर देशोदेशींचे शिकारी येऊ लागले. तेथे धरलेला मासा तोलून पुन्हा पाण्यात सोडण्याचा नियम होता. या पाहुण्यांमुळे स्थानिकांना वाटाड्या म्हणून काम मिळाले आणि नदीवर राखणही राहिली.

या तळांवर आणखी एक गोष्ट घडत होती. कोणी किती तास गळ टाकला, कोणता मासा लागला आणि त्याचे वजन किती, हे रोज लिहून ठेवले जात असे. गालिबोरे येथील 1998 ते 2012 या काळातील नोंदी पुढे शास्त्रज्ञांनी तपासल्या. त्यांत सहा हजारांहून अधिक महसीरांचा हिशेब होता. वरवर पाहता चित्र सुखावह होते, कारण एकूण मासे वाढत होते. परंतु वाढ होत होती ती निळ्या परांच्या महसीरची. कावेरीचा वशिंडधारी महसीर वर्षागणिक कमी लागत होता आणि जे थोडे लागत ते मोठे, वयस्क असत. लहान मासे नाहीत, याचा अर्थ नवी पिढी निपजत नाही.

निळ्या परांचा महसीर कावेरीचा मूळ रहिवासी नव्हे. सद्‌हेतूने सोडलेला हा पाहुणा घरधन्याची जागा घेऊ लागला, असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. वशिंडधारी महसीरची शास्त्रीय ओळख 2018 मध्ये निश्चित झाली आणि त्याच वर्षी तो ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून आंतरराष्ट्रीय यादीत नोंदला गेला. म्हणजे ज्या माशाने कावेरीला जगभर कीर्ती दिली, त्याला शास्त्रीय नाव मिळाले ते तो नाहीसा होण्याच्या उंबरठ्यावर असताना. 2012 नंतर अभयारण्याच्या हद्दीतील गळाची क्रीडा बंद झाली. त्यामुळे शिकार थांबली, पण ती नोंदवहीही मिटली.

बोध

या कहाणीतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. मासा हा मासाच, तो कोणत्याही नदीत सोडला तरी चालेल, ही समजूत चुकीची आहे. प्रत्येक नदीचे स्वतःचे गोत असते. बीज सोडावयाचे तर त्याच नदीच्या माशांपासून तयार केलेले सोडले पाहिजे. दुसरे असे की, नदीवर नित्य जाणारा सामान्य माणूस नदीच्या प्रकृतीचा उत्तम साक्षीदार ठरू शकतो, मात्र त्याने पाहिलेले लिहून ठेवले पाहिजे.

हा छंद असणाऱ्यांनी पुढील पथ्ये पाळावीत. आवश्यक ती परवानगी घेतल्याखेरीज गळ टाकू नये आणि अभयारण्यात व देवाच्या डोहात तर मुळीच टाकू नये. पावसाळ्यात महसीर अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या वर चढतो, त्या काळात त्याला उपद्रव देऊ नये. उलटा काटा नसलेला गळ वापरावा. मासा ओल्या हातांनी धरावा, शक्य तितका पाण्यातच ठेवावा आणि त्वरित सोडावा. तारीख, ठिकाण, जात, लांबी व गळ टाकल्याचे तास यांची नोंद करावी. ज्या दिवशी काहीच लागले नाही, त्या दिवसाचीही नोंद अवश्य करावी. कावेरीच्या वहीत कमी लागलेल्या माशांचा हिशेब होता, म्हणूनच तिच्या महसीरची खरी अवस्था आपल्याला कळली.